ऊब नसलेली शेकोटी

समजा, तुमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक नाटक बसवायचे ठरले आहे. नाटक घडते एका थंड हवेच्या ठिकाणच्या जुन्या बंगल्यात. दिवाणखान्याच्या भिंतीत विलायती पद्धतीची शेकोटी आहे, जिला फायरप्लेस म्हणतात ती. तिच्यात लाकडे पेटली आहेत आणि घरातले आजोबा तिच्यापुढे बसून हात शेकत आहेत. नाटककाराला हे एका ओळीत लिहून मोकळे होता येते. पंचाईत होते ती नेपथ्य करणाऱ्यांची. पडदे कापडाचे, भिंती पुठ्ठ्याच्या, खांब बांबूचे आणि मधोमध आग! असा बेत कोणताही शहाणा मुख्याध्यापक मान्य करणार नाही, आणि करूही नये.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांना रंगमंच नवा नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील धानाच्या व जंगलाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली, धान घरात येऊ लागले, की येथे गावोगावी मंडई भरते आणि कडाक्याच्या थंडीत रात्र-रात्र नाटके रंगतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, हे तुम्ही वाचले असेलच. थंडीत कुडकुडणाऱ्या प्रेक्षकांना रंगमंचावरची आग खरी वाटली पाहिजे, पण तिने रंगमंचावरचे एक सूतही जळता कामा नये. हे कोडे आपल्याला सोडवायचे आहे. नाटक नसले तरी बिघडत नाही. घरातील एखाद्या कोपऱ्यात शोभेसाठी ठेवायलाही ही शेकोटी छान दिसते.

भिंतीतली शेकोटी हा काही आपल्या घरांचा भाग नव्हे. आपली आग स्वयंपाकघरात चुलीत असते, नाही तर अंगणात शेकोटीत. महाबळेश्वरच्या किंवा पचमढीच्या जुन्या बंगल्यांत मात्र साहेबांनी आपल्या देशातल्यासारखी धुराडी बांधली आणि भिंतीत आगीची जागा ठेवली. त्यांच्या देशात मात्र पुढे या शेकोट्यांना उतरती कळा लागली. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस दाट काळसर धुके बसून राहिले. घराघरांतील कोळशाच्या शेकोट्यांचा धूर हे त्याचे एक मोठे कारण होते. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे चार हजार माणसे दगावली. नंतरच्या अभ्यासकांनी हा आकडा पुष्कळच वाढवला. १९५६ साली तेथे शुद्ध हवेचा कायदा झाला, आणि घरात धुराचा कोळसा जाळणे कित्येक ठिकाणी बंद झाले. पण इतक्या पिढ्यांची आगीपुढे बसण्याची सवय कुठे जाते? लोकांनी विजेचे हीटर घेतले आणि त्यांच्यापुढे लाल प्रकाशात चमकणारे खोटे निखारे मांडले. तेव्हा खोटी शेकोटी ही नुसती हौस आहे असे समजू नका.

धूर ज्वाळेपेक्षा जास्त घातकी असतो. भंडाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे येथील जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा अर्भके दगावली. त्यांतील बहुतेकांचा जीव धुरात गुदमरून गेला. दुसरा धोका तर डोळ्यांना दिसतही नाही. दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवली, की पुरेशा ऑक्सिजनअभावी कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आतच शुद्ध हरपते. या जानेवारीत तुमच्या घरी कोणी शेगडी आत घेऊन दार लावू लागले, तर त्यांना अडवा.

आग दिसते कशी?

आगीतून आपल्याला चार गोष्टी मिळतात: प्रकाश, हालचाल, उष्णता आणि धूर. आपल्याला पहिल्या दोन हव्या आहेत, उरलेल्या दोन नकोत. तेव्हा खऱ्या आगीचा प्रकाश आणि तिची हालचाल नेमकी कशी असते, हे आधी पाहू.

लाकडाची ज्वाळा पिवळी का दिसते? तिच्यात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात. ते तापून उजळतात, लोहाराच्या भट्टीतले लोखंड उजळते तसेच. ज्वाळेत चमचा धरला तर त्यावर बसते ती हीच काजळी. मायकेल फॅरेडे या थोर शास्त्रज्ञाने साध्या मेणबत्तीवर लंडनमध्ये मुलांसाठी व्याख्याने दिली होती, त्यांत काजळीच्या या करामतीचे सुंदर विवेचन आहे. कण जितके जास्त तापलेले, तितका प्रकाश पांढऱ्याकडे झुकतो. जितके निवलेले, तितका लालीकडे. प्रकाशाचा रंग शास्त्रज्ञ केल्व्हिन या एककात सांगतात. मेणबत्तीच्या प्रकाशाचा आकडा १९०० च्या आसपास येतो. बाजारात 'वॉर्म व्हाइट' म्हणून मिळणारा एलईडी दिवा २७०० ते ३००० चा असतो, आणि नेहमीचा पांढराशुभ्र एलईडी ६५०० चा. दुकानातून आणलेला पांढरा दिवा आगीत लपवला, तर ती आग न दिसता ट्यूबलाइट का दिसते, ते आता ध्यानात येईल. आपल्याला पिवळा आणि लाल प्रकाश हवा: बुडाशी पिवळा, शेंड्याकडे लाल.

आता हालचाल. येथे बहुतेक खोट्या शेकोट्या फसतात, म्हणून थोडे थांबून पाहू. ज्वाळा वर जाते, कारण तापलेली हवा आणि वायू हलके होऊन वर चढतात व भोवतालची थंड हवा खालून आत घुसते. म्हणजे ज्वाळेचा आकार गुरुत्वाकर्षणामुळे ठरतो. अंतराळयानात, जेथे वजनच जाणवत नाही, तेथे मेणबत्ती पेटवून पाहिली तेव्हा ज्योत निमुळती न होता गोल आणि निळसर झाली! पृथ्वीवर मात्र वर जाणाऱ्या गरम वायूला कडेची थंड हवा घासते, तेथे भोवरे तयार होतात आणि ज्वाळा फुगते, आक्रसते, पुन्हा फुगते. हे फुगणे एका सेकंदात किती वेळा होते? त्याला एक ढोबळ पण फार उपयोगी नियम आहे. आगीच्या बुडाची रुंदी मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि १.५ ला त्याने भागा. बूड एक मीटरचे असेल, तर सेकंदाला दीड वेळ. चार मीटरच्या मोठ्या होळीसाठी वर्गमूळ २, म्हणून सेकंदाला पाऊण वेळ, म्हणजे एका फुगण्याला सव्वा सेकंदाहून थोडा जास्त. आणि बूड अडीच सेंटिमीटरचे असेल, तर सेकंदाला नऊ-दहा वेळा.

मोठी आग सावकाश हेलकावते आणि लहान ज्योत भराभर थरथरते, हे आपण सर्वांनी पाहिलेले असते. पाहिलेले असते, पण मोजलेले नसते. डोळ्यांना मात्र ते पक्के ठाऊक असते. म्हणून दिवाळीत मिळणारे थरथरणारे बॅटरीचे दिवे लाकडांत ठेवून मोठी आग केली, की पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. ते दिवे पणतीची नक्कल करायला बनवलेले, त्यांची थरथर पणतीची. आपल्या शेकोटीचे बूड २५ सेंटिमीटर, म्हणजे ०.२५ मीटर ठेवू. वर्गमूळ ०.५. उत्तर सेकंदाला ३. हा आकडा लक्षात ठेवा. येत्या होळीला घड्याळ घेऊन हा नियम पडताळून पाहायलाही विसरू नका.

भिंत

शीतकपाटाचा किंवा कूलरचा मोठा पुठ्ठ्याचा खोका दुकानदाराकडून मागून आणा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा सुतळीने बांधा आणि त्यावर पुठ्ठा ताणून बसवा. रुंदी ९० सेंटिमीटर, उंची ८०, खोली ३०. समोरच्या बाजूला मधोमध ६० रुंद व ५० उंच खिडकी कापा, पण जमिनीपासून १० सेंटिमीटर वर. त्या १० सेंटिमीटरच्या पोकळीत पंखे आणि तारा राहतील. खोक्याची मागची बाजू खाली उघडीच ठेवा, म्हणजे पंख्यांना हवा मिळेल. वर १०० सेंटिमीटर लांबीची एक फळी बसवली, की तिच्यावर घड्याळ किंवा फुलदाणी ठेवता येईल.

खिडकीच्या आतल्या भिंती सरळ मागे न नेता तिरप्या न्या. मागची भिंत ३० सेंटिमीटर रुंद, ४० उंच आणि खिडकीपासून २५ सेंटिमीटर आत. म्हणजे प्रत्येक बाजूची भिंत २५ सेंटिमीटर मागे जाताना १५ सेंटिमीटर आत सरकते. पायथागोरसच्या प्रमेयाने तिची रुंदी काढा: २५ आणि १५ यांच्या वर्गांची बेरीज ८५०, वर्गमूळ सुमारे २९. तर २९ सेंटिमीटर रुंद, पुढची कड ५० आणि मागची कड ४० असा समलंब चौकोन कापायचा, तसे दोन. छतही पुढून मागे १० सेंटिमीटर उतरते येईल.

तिरप्या भिंतींची ही कल्पना जुनी आहे. काउंट रम्फर्ड याने १७९० च्या दशकात विलायती शेकोट्यांची डागडुजी करताना त्या उथळ केल्या आणि बाजूच्या भिंती बाहेरच्या बाजूला पसरट केल्या, तेव्हा उष्णता धुराड्यात न जाता खोलीत येऊ लागली. हा तोच रम्फर्ड, ज्याने तोफांची नळी कोरताना निघणाऱ्या उष्णतेवरून घर्षण आणि उष्णता यांचा संबंध दाखवला. त्याच्या भिंती आपल्यापेक्षा जास्त तिरप्या होत्या आणि त्या उष्णतेसाठी होत्या. आपल्या भिंती डोळ्यांना फसवण्यासाठी आहेत. मागे निमुळती होत गेलेली जागा डोळ्याला आहे त्याहून खोल भासते.

या फसवणुकीत विटांची मदत घ्या. आपल्याकडची प्रमाणित वीट १९ × ९ × ९ सेंटिमीटरची असते आणि सांध्यासकट २० × १० धरतात. आपण सगळे निम्मे करू: १० × ५. भिंतीच्या ८० सेंटिमीटर उंचीत बरोबर १६ थर बसतात, खिडकीखाली दोन, खिडकीच्या बाजूंना दहा आणि वर चार. आता आतली मागची भिंत ४० सेंटिमीटरची आहे, तिच्यातही दहाच थर काढा. म्हणजे पुढे ५ सेंटिमीटर असलेला थर मागे ४ चा होतो, आणि बाजूच्या भिंतीवरील सांध्यांच्या रेषा आपोआप मागे एकवटत जातात. प्रत्येक थरातील उभा सांधा वरच्या विटेच्या मध्यावर आला पाहिजे. गवंडी सांधे एकाखाली एक कधीच ठेवत नाही, ठेवले तर भिंत तेथून उभी चिरते. खिडकीच्या माथ्यावर मात्र आडव्या विटा काढू नका, त्या अधांतरी दिसतील. तेथे बारा विटा उभ्या काढा.

रंग स्वस्तातला. आधी चुन्यात थोडी कोळशाची पूड कालवून सगळीकडे करडा हात द्या, हा झाला सांध्यांचा रंग. मग गेरूत डिंकाचे पाणी मिसळा आणि विटेच्या मापाचा स्पंजाचा तुकडा त्यात बुडवून ठसे उमटवा. विटेला लाल रंग लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो आणि गेरूतही तेच असते, त्यामुळे रंगाची नक्कल करावीच लागत नाही! काही ठसे गडद, काही फिकट येऊ द्या. मागची भिंत काजळीने काळी करा. तेथे विटा जेमतेम दिसाव्यात.

ज्वाळा

जुन्या संगणकातून निघालेले १२ व्होल्टचे, ८ सेंटिमीटरचे दोन पंखे दुरुस्तीवाल्याकडे सहज मिळतात. ते तळाच्या पुठ्ठ्यात शेजारी-शेजारी, मध्ये थोडी जागा सोडून, वारा वर जाईल असे आडवे बसवा. दोन्ही मिळून २५ सेंटिमीटर जागा व्यापावी. पंख्यांवर जाळी हवीच, नाही तर कापड पात्यांत अडकते.

ज्वाळांसाठी पांढरे, अगदी तलम कापड लागते. विरलेली शिफॉनची किंवा जॉर्जेटची ओढणी उत्तम. मोहाडी तालुक्यातील आंधळगावचा कोसा प्रसिद्ध आहे, पण त्याचा मोह आवरा. कोशाचे सूत जाड आणि वजनदार, या वाऱ्यात ते उठणार नाही. शिवाय आई काय म्हणेल ते वेगळेच. कापडाचे सहा-सात निमुळते तुकडे कापा, बुडाशी ८ सेंटिमीटर रुंद आणि १८ ते २८ सेंटिमीटर उंच. सगळे एका मापाचे नकोत. बुडाकडची कड तारेच्या चौकटीला टाचा आणि ती चौकट पंख्यांवर बसवा. शेंडा निमुळता असल्याने तेथे वजन कमी, म्हणून तो सर्वांत जास्त वळवळतो. खऱ्या ज्वाळेचेही तसेच असते.

पंखे सुरू केल्यावर कापड फडफडेल, बहुधा फार जोरात. झेंडा वाऱ्यात फडफडतो त्याचेच हे लहान रूप आहे. आपल्याला हवा होता तो आकडा ३. पंख्याच्या खालच्या तोंडावर पुठ्ठ्याची पट्टी सरकवून हवा थोडी-थोडी कमी करत जा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चित्रण करा, सावकाश चालवून पाहा आणि शेंडा दहा सेकंदांत किती वेळा झुकतो ते मोजा. तीसच्या आसपास आले की थांबा. या एका दुरुस्तीने शेकोटी जितकी खरी दिसू लागते, तितकी रंगांच्या कितीही कसरती करून दिसत नाही.

प्रकाश

बारा व्होल्टची एलईडी पट्टी मीटरवर मिळते. मीटरला ६० दिवे असलेली पट्टी दर तीन दिव्यांनंतर, म्हणजे दर ५ सेंटिमीटरवर, खूण असेल तेथेच कापता येते. त्याचे कारण पाहण्यासारखे आहे. पिवळ्या किंवा लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट लागतात. तीन दिवे एकसर जोडले की ६ व्होल्ट झाले. उरलेले ६ व्होल्ट त्याच तुकड्यावरील एक रोधक घेतो. प्रवाह २० मिलिअँपिअर धरला, तर ओमच्या नियमाने रोधक ३०० ओमचा हवा. खूण सोडून भलतीकडे कापले, तर ही साखळीच तुटते.

पिवळ्या पट्टीचा २५ सेंटिमीटरचा तुकडा ज्वाळांच्या बुडाशी पुढच्या अंगाला लावा. लाल पट्टीचा तितकाच तुकडा मागच्या अंगाला, शेंड्यांकडे तोंड करून. दोन्ही मिळून दहा साखळ्या, म्हणजे ०.२ अँपिअर. पंख्याच्या नावपट्टीवर समजा ०.१५ अँपिअर लिहिले असेल, तर दोन पंख्यांचे ०.३. एकूण अर्धा अँपिअर, ६ वॅट. टीव्हीच्या जुन्या सेट-टॉप बॉक्सचा १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर हे काम सहज करतो, मात्र त्यावरचे आकडे आधी वाचून घ्या. पट्ट्या आणि पंखे सगळे समांतर जोडायचे, धन टोक धनाला आणि ऋण टोक ऋणाला.

पूर्वी नाटकांत आगीची थरथर दाखवायला विजेच्या बल्बला ट्यूबलाइटचा स्टार्टर एकसर जोडत. युक्ती नामी, पण ती २३० व्होल्टवर चालते. ती कोणी सांगितली तरी करू नका. दुसरी जुनी युक्ती फार गमतीची होती. खोट्या निखाऱ्यांच्या हीटरमध्ये साध्या बल्बच्या डोक्यावर सुईच्या टोकावर पत्र्याची पाकळीदार चकती ठेवत. बल्बच्या उष्णतेने वर जाणारी हवा ती चकती फिरवी आणि तिच्या सावल्या निखाऱ्यांवर नाचत. फिरत्या कंदिलाचे तत्त्वही हेच. आता ६० वॅटच्या बल्बऐवजी ९ वॅटचा एलईडी लावून पाहा. उजेड जवळपास तितकाच, पण चकती हलायला तयार नाही! जुना बल्ब विजेचा जेमतेम विसावा हिस्सा प्रकाशात बदलत असे, बाकी सगळी उष्णता. ज्या उधळपट्टीवर चकती फिरत होती, तीच एलईडीने बंद केली. म्हणून आता पंखा लागतो.

प्रेक्षक लांब बसलेले असतात. त्यांना ज्वाळा थोडीच दिसते. आजोबांच्या चेहऱ्यावरचा हलता तांबूस उजेड जास्त दिसतो. त्यासाठी भंडाऱ्याची खास वस्तू वापरू. भंडारा हे पितळेचे गाव. घरातील एक पितळी ताटली चिंचेने लख्ख घासा. पांढऱ्या टॉर्चचा झोत आधी स्टीलच्या ताटलीवर आणि मग पितळेच्या ताटलीवर टाकून भिंतीवरचे कवडसे पाहा. स्टीलचा कवडसा पांढरा, पितळेचा सोनेरी. पितळ निळा प्रकाश बराचसा शोषून घेते आणि पिवळा-तांबडा परत पाठवते. ताटली खिडकीच्या आत एका बाजूला, प्रेक्षकांना दिसणार नाही अशी टेकवा आणि तिच्यावर टॉर्चचा झोत सोडा. झोताच्या वाटेत बिस्किटाच्या पुड्यातल्या चंदेरी कागदाच्या दोन-तीन पट्ट्या पंख्याच्या वाऱ्यात लोंबकळू द्या.

टॉर्च साध्या सेलवर चालणारा असेल, तर आणखी एक गंमत आहे. कोरड्या सेलमध्ये मँगनीज डायऑक्साइड असतो. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतून तो निघतो आणि सेल बनवण्याच्या कारखान्यांना जातो. तुमच्या खोट्या आगीचा उजेड याच जिल्ह्याच्या मातीतून आलेला असणे अगदी शक्य आहे.

निखारे आणि राख

मनगटाएवढ्या जाडीच्या चार-पाच वाळलेल्या फांद्या एकमेकींवर रचा, पट्ट्या आणि पंखे त्यांच्याआड झाकले गेले पाहिजेत. फांद्यांच्या सांदीत तांबडा आणि नारिंगी जिलेटीन कागद चुरगळून खोचा, खालून येणाऱ्या प्रकाशात त्याचे निखारे होतील. राख मात्र खरी घ्या. धानाच्या गिरण्यांत तूस जाळतात, त्याची करडी-पांढरी राख आपल्याकडे ढिगांनी मिळते. ती बहुतांशी सिलिका, म्हणजे वाळूचीच बहीण. जे जळायचे ते जळून गेलेले असल्याने ती पुन्हा पेट घेत नाही. पण ती सुटी टाकलीत, तर पंखा ती सर्वांच्या नाकातोंडात उडवील, आणि सिलिकेची धूळ फुप्फुसांना वाईट. डिंकाच्या पाण्यात कालवून, लाकडांवर लेपून वाळू द्या.

शोभेसाठी बटणासारख्या चपट्या सेलचे दिवे वापरलेच, तर त्यांचे झाकण स्क्रूने बंद होणारे असावे. लहान भावंडाने असा सेल गिळला, तर दोन तासांतच अन्ननलिका भाजू शकते. तशी शंका जरी आली, तरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

न जळणारे कापड

फ्रान्सच्या अठराव्या लुई राजाने नाट्यगृहांतील कापडे पेट घेऊ नयेत यासाठी उपाय शोधायला सांगितले, आणि गे-ल्युसॅक या रसायनशास्त्रज्ञाने १८२१ साली तो काढला. वायूंच्या नियमात ज्याचे नाव तुम्ही शिकता, तोच हा. त्याने वापरलेल्या क्षारांत एक होता टाकणखार. त्याचा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली मैदानात करून पाहता येईल. पेलाभर कोमट पाण्यात दोन चमचे टाकणखार विरघळवा, त्यात सुती कापडाची एक पट्टी भिजवून पूर्ण वाळवा. शिक्षकांनी ही पट्टी आणि एक साधी पट्टी चिमट्यात धरून पेटवावी. साधी पट्टी भडकते. दुसरी काळी पडते आणि ज्योत काढून घेतली की बहुधा तेथेच विझते. उष्णतेने क्षारातील पाणी सुटते आणि वितळलेला क्षार धाग्यांवर काचेसारखा थर धरतो. आपल्या पुठ्ठ्याला आणि मागच्या सुती पडद्याला हे द्रावण मागच्या बाजूने फासून ठेवा. शिफॉन बहुधा कृत्रिम धाग्याचे असते, त्याला याचा उपयोग नाही. म्हणून ज्वाळांच्या जवळ गरम होणारी कोणतीही वस्तू नको, उदबत्तीसुद्धा नको. जोड सगळे १२ व्होल्टच्या बाजूचे, चिकटपट्टीने नीट बंद केलेले. अडॅप्टर खोक्याबाहेर, मोकळ्या हवेत. अर्ध्या तासाने पट्टी आणि अडॅप्टर हाताने चाचपून पाहा, चटका बसण्याइतके तापत असतील तर बंद करा. खोली सोडताना प्लग काढा.

आणि ऊब?

वाळलेले एक किलो लाकूड जळताना सुमारे १५० लक्ष ज्यूल उष्णता सुटते. तासाला एक किलो जाळले, तर हे चार हजार वॅटहून थोडे अधिक झाले. आपली शेकोटी ६ वॅटची. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकत असतो! म्हणजे या शेकोटीपेक्षा शेजारी बसलेल्या मित्राची ऊब कितीतरी जास्त.

तरीही तिच्यापुढे बसल्यावर थोडे उबदार वाटते, असे पुष्कळजण म्हणतील. ते कितपत खरे, हे तुम्ही तपासा. थंडीच्या दिवसांत एका खोलीत शेकोटी मांडा आणि तापमापक प्रेक्षकांना दिसणार नाही असा टांगा. दहा विद्यार्थ्यांना एकेक करून शेकोटी बंद असताना पाच मिनिटे बसवा आणि खोलीचे तापमान किती असेल ते चिठ्ठीवर लिहून घ्या. दुसऱ्या दहा जणांना शेकोटी चालू ठेवून तेच विचारा. कशासाठी विचारता ते कोणालाही आधी सांगायचे नाही, आणि बाहेर आलेल्याने आत जाणाऱ्याशी बोलायचे नाही. प्रत्येक वेळी तापमापकाचा आकडाही टिपा, कारण माणसे आत-बाहेर करताना खोलीच बदलत असते. अंदाज आणि खरे तापमान यांतील फरक प्रत्येकासाठी काढा, मग दोन्ही गटांच्या फरकांची सरासरी काढून शेजारी-शेजारी मांडा. दोन्ही सरासरींत अर्ध्या अंशाचाही फरक निघाला नाही, तर वहीत तेच लिहा.